शेजाऱ्याची सवलत

एका देशाला दिलेली आयातशुल्काची सवलत सर्व सदस्य देशांना द्यायची, हे १९४७ च्या ‘गॅट’ कराराचे पहिलेच कलम. त्याच कराराच्या २४ व्या कलमाने प्रादेशिक करारांना अपवाद दिला. १९७९ मध्ये विकसनशील देशांना आपसांत आणखी मोकळीक मिळाली.

भारत-श्रीलंका करार २००० साली अमलात आला. भारतात पामतेलावर जबर शुल्क होते, श्रीलंकेत कमी. तेव्हा आग्नेय आशियातले पामतेल श्रीलंकेत वनस्पती तूप बनून भारतात शुल्कमुक्त उतरू लागले. इथल्या कारखानदारांनी तक्रार केली. पुढे या आयातीला मर्यादा घालावी लागली.

म्हणून करार करताना शुल्काच्या तक्त्याआधी, माल मूळचा कुठला हे ठरवणारे नियम वाचावेत. नाहीतर शेजाऱ्याच्या नावावर तिसऱ्याचाच माल आपल्या बाजारात येतो.