कचेरीबाहेरची रांग



पर्यावरणपूरक वास्तुकला म्हटलं की आपण लगेच बंगळुरू नाहीतर अहमदाबादकडे पाहतो. पण खानदेशात हा प्रयोग १९३६ सालीच झाला होता. त्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. मागणी एवढीच, की जे उभारायचं ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या हातांनी. बांबूच्या त्या नगराला नाव दिलं टिळकनगर. बांबूच्या कामाचा गुण असा, की मांडव उतरवला तरी बांबू वाया जात नाही.

जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय २०१२ साली खुलं झालं. उद्योजक भवरलाल जैन यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही देखणी वास्तू. दगड मात्र जोधपूरचा. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, असं गांधीजी आपल्याला म्हणाल्याचं वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत. आपल्या पायाखाली इतका काळा पाषाण असताना परमुलखाचा दगड मला जरा खटकतो. तरी काचेपेक्षा दगड केव्हाही बरा.

कारण फैजपूरचं अधिवेशन थंडीत झालं असलं, तरी आपल्याकडे इमारतीची परीक्षा मे महिन्यात असते. जुनं धाब्याचं घर आठवा. हात-दीड हात जाडीची मातीची भिंत, वर सागाचे सर, त्यावर किलचन आणि पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसं अंथरूण घेऊन धाब्यावर गेलेली असतात. शाळेला, तहसील कचेरीला तर अशी जाड भिंत घरापेक्षाही मानवेल. संध्याकाळी तिथे कुलूप लागतं. फक्त वरच्या झडपा रात्रभर उघड्या हव्यात. नाहीतर सकाळी साहेबांच्या आधी उकाडाच खुर्चीत बसलेला असतो!

आज होतं काय? पश्चिमेला दर्शनी काच, वर काँक्रीटचा उघडा स्लॅब आणि आत एसी. मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य जळगावच्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेला छज्जा काही कामाचा नाही. तीननंतरचं ऊन तिरपं होऊन थेट टेबलापर्यंत येतं. त्या बाजूला जिना, स्वच्छतागृह, दप्तराची खोली टाकावी. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारावा. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

आणि एसी तरी कोणासाठी? धुळे असो की जळगाव, सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी बाहेर पत्र्याखाली उभा असतो, गारवा केबिनमध्ये. माझं वास्तुरचनाकारांना सांगणं आहे, की नकाशावर पहिली रेघ त्या रांगेसाठी ओढा. उत्तरेला रुंद ओसरी, टेकायला ओटा, माठ ठेवायला कोपरा, पुढे एक कडुनिंब. अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी या ओसरीला, बिनकामाची जागा म्हणून. तिथे भांडा. काचेचे पैसे वाचवा आणि ओसरीवर घाला.