आजीच्या हजार पौर्णिमा आणि माझं म्युझिक

इअरफोन लावलेत ना? आज मागे म्युझिक नाहीये. तुमचा फोन बिघडलेला नाही, मीच काढलंय. का, ते सांगते.

गेल्या महिन्यात वाईला माझ्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. म्हणजे हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचं कौतुक. आता हे नक्की कधी करायचं यावर प्रत्येक घरात वाद असतो, आमच्याकडेही झाला. मी एसटीत बसल्या बसल्या कॅल्क्युलेटर काढला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस. हजार वेळा म्हणजे 29,530 दिवस, म्हणजे 80 वर्षं आणि जवळपास 10 महिने. काकाने हाच हिशोब तोंडी केला. 80 वर्षांचे महिने 960. त्यात अधिक महिने, 19 वर्षांत 7 या दराने, एकोणतीस-तीस. झाले 990. उरले दहा. घ्या, जुळलं की!

मग मी माझ्या मोजल्या. मी 29 वर्षांची, म्हणजे साधारण 358 पौर्णिमा. पण त्यातल्या मान वर करून बघितलेल्या किती? कोजागरीच्या काही, त्याही मसाला दूध होतं म्हणून. आणि एकदा लाइट गेले होते तेव्हाची. तुम्हीही काढून बघा, वय गुणिले 12.37. आकडा लहान वाटतो, नाही?

असो. सोहळा छान झाला. ऐंशी दिव्यांनी ओवाळलं. मग सगळे मागे लागले, तू पॉडकास्टवाली ना, बोल चार शब्द. मी बोलले. जरा भारीच बोलले, खरं सांगायचं तर. आत्याचे डोळे पाणावले. आजी माझ्याकडे बघून हसत होती.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "छान बोललीस गं. काय बोललीस?"

मला वाटलं गंमत करतेय. म्हटलं, "अगं, माझे एपिसोड ऐकतेस ना तू?" कारण चार वर्षं मी तिला प्रत्येक एपिसोडची लिंक पाठवतेय, आणि दर रविवारी फोनवर ठरलेलं उत्तर येतं, ऐकलं, छान झालंय.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ऐकते ना. तुझा आवाज येतो. शब्द लागत नाहीत. मागे काहीतरी वाजत असतं."

ते "काहीतरी" मी दर वेळी दोन-दोन तास बसून निवडलेलं असतं हो.

पण मला लागलं ते वेगळंच. तिने ताटाऐवजी पाट आणून दिला की आम्ही सगळे हसायचो. तिने दोनदा "काय?" विचारलं की मी म्हणायचे, "काही नाही, जाऊ दे." हे "जाऊ दे" मी तिला किती वेळा म्हटलंय, त्याचा हिशोब कुठल्याच कॅल्क्युलेटरवर निघणार नाही. मग तिने विचारणंच सोडलं. आणि आम्ही म्हणायला लागलो, आजी हल्ली शांत झालीये, वय झालं ना.

तिला साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणीचा आलेख दाखवला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली. वय वाढतं तसं आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ, म, न हे खालच्या पट्टीतले, दणकट, ते पोचतात. स, त, फ हे बारीक, हवेचे, ते गळतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. ताट, पाट, खाट सगळं एकच. ओरडून उपयोग नाही, समोर बसून सावकाश बोलायचं. मागे म्युझिक वाजत असेल तर उरलंसुरलंही बुडतं. आतल्या कानात ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात ना, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आणि हे फक्त आजीचं नाही बरं का. ब्रिटनमध्ये 2005 साली 'मॉस्किटो' नावाचं यंत्र निघालं, दुकानाबाहेर टाइमपास करणारी पोरं हाकलायला. त्याचा आवाज साधारण 17,000 हर्ट्झचा. टीनएजर पोरांना तो असह्य होतो, आणि तिशी ओलांडलेल्या बहुतेकांना ऐकूच येत नाही. मी लॅपटॉपवर तसा टोन लावला. शेजारचा नववीतला मुलगा कानावर हात ठेवून ओरडला, "ताई, बंद कर!" मला काही वाजतंय हेच कळलं नाही. पांढरा केस सापडला तेव्हासुद्धा एवढं दचकले नव्हते.

आजीला मशीन बसवलंय. ती खूश नाहीये. म्हणते, भांडी फार बोलतात, कुकर तर अंगावर येतो. सवय व्हायला वेळ लागेल म्हणे. सकाळी लावते, दुपारी काढून डबीत ठेवते.

गेल्या रविवारी मी फक्त तिच्यासाठी सात मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. म्युझिक नाही, आवाज खाली, बोलणं सावकाश. पाठवलं आणि वाट बघत बसले. तासाभराने फोन आला.

"ऐकलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "छान झालंय?"

"छान काय? 'म्हणजे' किती वेळा म्हणतेस गं तू!"

मी परत ऐकून मोजलं. चौदा वेळा.