किडनीचा पेशंट आणि आमटीची वाटी

मागच्या वर्षी पप्पांचं क्रिएटिनिन २.१ आलं आणि आमच्या घरातून आमटी गायब झाली. "किडनी म्हटलं की डाळ बंद," जो येईल तो हेच सांगायचा. आता सोलापुरात आमटी नाही, तर माणूस कडक भाकरी चुरणार कशात?

तीन महिन्यांत पप्पांचं वजन सहा किलो उतरलं. क्रिएटिनिनही थोडं कमी दिसलं. आम्ही खूश! आहारतज्ज्ञ मॅडम मात्र खूश नव्हत्या. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झिजले, तरी आकडा खाली येतो. म्हणजे किडनी सुधारली नव्हती, पप्पा खंगत होते.

मग हिशेब मांडला. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात आजाराच्या तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यात, डायलिसिस नसेल तर, दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. पप्पा ६० किलोचे, म्हणजे ४८ ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण साडेसहा ग्रॅम असतं. मग एका वाटीनं काय बिघडणार होतं? (डायलिसिसवर गणित उलटं होतं, तिथं प्रोटीन जास्त लागतं.)

फॉस्फरसचंही तसंच. कडधान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो आपल्याला पूर्ण पचत नाही. कोल्ड्रिंक आणि पाकिटातल्या पदार्थांत वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात जातो. आम्ही डाळ बंद केली होती आणि कोल्ड्रिंक चालू होतं, बोला!

खरं जपायचं ते पोटॅशियम. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पण ते पाण्यात उतरतं. म्हणून मटकी, चवळी, राजमा रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकायचं, भरपूर नव्या पाण्यात नीट शिजवायचे आणि तेही पाणी ओतून द्यायचं. आता आली का पंचाईत? पुरणाची डाळ शिजवून उरलेला कट म्हणजे नेमकं हेच पाणी, आणि कटाची आमटी हा पप्पांचा जीव! रिपोर्टमध्ये पोटॅशियम जास्त असेल, तर कट नको. नॉर्मल असेल, तर उगाच पाणी फेकत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

अजून एक. आमच्या आत्या हुलग्याचं कढण घेऊन आल्या, "किडनीला चांगलं असतं" म्हणून. अहो आत्या, ते लोक मुतखड्यावर घेतात. पप्पांना मुतखडा नाही, त्यांची किडनी कमी काम करतेय, आणि कढण म्हणजे परत तेच शिजवलेलं पाणी. तसंच ते 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ते डबा उघडायच्या आधीच परत केलं.

शेंगा चटणीवर अजून वाटाघाटी चालू आहेत. सध्या एक चमचा, मीठ कमी, आणि डबा आईच्या ताब्यात.