खजिन्याच्या बेटाचा चित्रकार

1911 साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर प्रकाशनाने स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीची नवी सचित्र आवृत्ती काढली. तिची चित्रं रंगवली होती एन. सी. वायेथ या तरुणाने. वय अवघं 28. पुस्तकाचं पान वीतभर, पण मूळ तैलचित्रं जवळजवळ 4 फूट उंचीची!

वायेथचे गुरू हॉवर्ड पाइल. 1883 साली त्यांनी रॉबिन हूडच्या कथा स्वतः लिहून स्वतःच चितारल्या होत्या. विल्मिंग्टनच्या आपल्या शाळेत ते विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नसत. चित्रकाराने आधी त्या प्रसंगात शिरावं, हा त्यांचा आग्रह.

शिष्याने तो किती मनापासून पाळला, हे कादंबरीचा नायक जिम घर सोडतो त्या निरोपाच्या चित्रात दिसतं. स्टीव्हन्सनने हा निरोप अगदी थोडक्यात आटोपला आहे. वायेथ मात्र तिथेच थांबतो. पाठीमागे ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडणारी आई, पुढे उन्हात चालू लागलेला मुलगा. लेखकाने मोकळी सोडलेली जागा चित्रकाराने भरावी, ती अशी. दुसऱ्या चित्रात साथीदारांनी टाकून दिलेला आंधळा प्यू रात्रीच्या रस्त्यावर काठीने चाचपडतो. खलनायकच तो, तरी पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं.

या कामाच्या मोबदल्यातून वायेथने पेनसिल्व्हेनियात, चॅड्स फोर्डला जमीन घेतली. पुढे ‘किडनॅप्ड’, किंग आर्थर, ‘रॉबिन्सन क्रूसो’ अशी पुस्तकं येत गेली. त्याचा मुलगा अँड्र्यू चॅड्स फोर्डच्या घरातच बापाकडून चित्रकला शिकला आणि अमेरिकेचा नामवंत चित्रकार झाला.