मुतखडा आणि पाण्याचा तांब्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुतखडा आपल्या खानदेशाला नवा नाही. वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घामावाटे पाणी जाते, लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षारांचे कण जमून खडा धरतो. प्रयोगशाळेत तपासलेले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे निघतात.

इटलीतील पार्मा येथील डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रोग्यांचे दोन गट करून पाच वर्षे लक्ष ठेवले. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, उरलेल्या १०० पैकी २७ जणांना. औषध काय, तर साधे पाणी!

पण आपण बायका शेतात, बाजारात, एस.टी.त मुद्दाम पाणी पीत नाही. कारण मग जायचे कुठे? म्हणून बायकांसाठी स्वच्छ मुतारीची मागणी मंडळाने धरावी, असे मला वाटते.

दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. पडलेला खडा फेकू नका, तपासायला द्या.