लाव्हीच्या पिलांना कॅल्शियम किती?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईंनी सांगितलेला अनुभव)

बायांनो, मला बोलायची सवय नाही, पण माझ्याकडून झालेली चूक तुमच्याकडं होऊ नये म्हणून उभी राहिले.

पहिल्या खेपेला जपानी लाव्हीची 100 पिलं आणली. खाद्य महाग वाटलं. आपल्या बीडकडं घरोघर बाजरी, म्हणून आठवड्यानंतर नुसता भरडाच टाकत गेले. तिसऱ्या आठवड्यात पिलं लंगडायला लागली, पाय वाकले. घाबरून कॅल्शियमचं औषध दुप्पट पाजलं. 22 पिलं गेली.

मग जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. जन्मताना 7-8 ग्रॅमचं पिलू पाच आठवड्यांत वीसपट होतं. एवढ्या वाढीला बाजरी कुठं पुरणार? पिलांच्या खाद्यात प्रथिनं 24 ते 27 टक्के लागतात; कॅल्शियम मात्र 1 टक्क्याच्या आसपास, सोबत स्फुरद आणि जीवनसत्त्व डी-3. डी-3 नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. धान्यात ते नसतं, आणि शेडमधल्या पिलांना ऊनही मिळत नाही. वरून कॅल्शियम जास्त झालं की पिलांचं मूत्रपिंड बिघडतं. म्हणजे मी दोन्हीकडून मारलं!

शिंपल्याची चुरी 6-7 आठवड्यांनी, अंडी सुरू होताना. तेव्हा कॅल्शियम अडीच ते तीन टक्के लागतं.

आणि हो, खाली गुळगुळीत कागद नको. त्यावर घसरून पाय फाकतात, अन् आपण खाद्याला दोष देतो.

पुढच्या महिन्यात कुणी पिलं आणणार असेल तर आधी सांगा. पिलांच्या खाद्याचं पोतं तारीख बघून मिळून घेऊ. एकटीकडं ते पडून राहतं, अन् त्यातली जीवनसत्त्वं कमी होत जातात.