चढावरचें चाक

सोमेश्वरनगरच्या आसमंतांत उसाच्या हंगामांत ट्रॅक्टरचा आवाज रात्रींबेरात्रींही थांबत नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याखालची ती जमीन काळी आणि सपाट. तेथें चाक रुतण्याची भीति. घसरण्याची फारशी नव्हे. परंतु कालवा मागें टाकून उत्तरेस मोरगांवच्या वाटेनें कऱ्हेकडे वळलें, कीं जिराईत माळ लागतो. मातीचा थर पातळ, खालीं मुरूम, मध्यें सुटे दगड आणि पावसानें पाडलेल्या घळी. ट्रॅक्टर तोच, चालकहि तोच. पण चाक जागच्या जागीं फिरूं लागतें, आणि “टायर झिजला” असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात.

हा निकाल अर्धाच खरा आहे. टायरवरच्या उंच कडा मातींत शिरून तिला धरतात हें खरें; पण धरलेली मातीच सुटली तर कडेनें करावें काय? ओढ मिळते ती मातीच्या अंगच्या बळावर आणि चाकावर पडणाऱ्या वजनावर. पांच फुटांस एक फूट असा चढ घेतला, तर दोन टनांच्या ट्रॅक्टरास त्याचें स्वतःचेंच वजन सुमारें ४०० किलोच्या जोरानें मागें खेचीत असतें. ट्रॉलीचें ओझें निराळेंच.

डनलॉपनें हवेचा टायर १८८८ सालीं बेलफास्टमध्यें सायकलीसाठीं केला. ट्रॅक्टरवर तो रुजावयास चार तपें जावीं लागलीं. अमेरिकेंत अॅलिस-चामर्स कंपनीनें १९३२ सालीं हवेच्या टायरचा ट्रॅक्टर बाजारांत आणला, तोंवर शेतांत राज्य होतें दातेरी लोखंडी चाकांचें. मऊ रबर लोखंडाची बरोबरी कशी करणार, ही शंका तेव्हां स्वाभाविकच होती. उत्तर हवेंत होतें. हवा कमी असली कीं टायर जमिनीवर पसरतो आणि अधिक माती पकडींत येते. डोंगराळ शेतांतून फिरणाऱ्या लहान उघड्या चारचाकी गाड्यांच्या रुंद टायरांत दर चौरस इंचास पांच पौंडांच्या आसपासच हवा असते, ती याचसाठीं. मात्र हा उपाय ट्रॅक्टरला बेतानेंच लावावा. आडव्या उतारावर टायर फार मऊ असेल तर त्याची बाजू मुडपते आणि तो धांवेवरून सुटूं पाहतो. कारखानदारानें दिलेल्या मर्यादेच्या खालीं जाऊं नये.

मागच्या टायरांत तीनचतुर्थांश पाणी भरण्याची युक्ति स्वस्त आणि चांगली. वजन वाढतें, तेंहि खालच्या अंगाला. परंतु चढतांना उपयोगी पडलेलें हेंच वजन उतरतांना पाठीशीं लागतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. टायर बसविण्याची दिशाहि पाहावी: मागून पाहिलें असतां वरच्या कडांचें टोक आकाशाकडे असावें, म्हणजे चिखल दोन्ही अंगांस फेंकला जातो. उलटा बसविलेला टायर चिखल पोटांत भरून घेतो.

चाक किती घसरतें हें मोजणें सोपें आहे. चुन्याची खूण करून मोकळ्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातें तें पाहावें. मग ओझें लावून तेंच अंतर पुन्हां चालावें. साडेअकरा फेऱ्या लागल्या तर ठीक. पंधरा लागल्या तर दर फेरीगणिक डिझेल जळतें आणि माळावरची ती वीतभर मातीहि उकरली जाऊन पुढच्या पावसांत ओढ्याला जाते.

खरा धोका मात्र घसरण्यांत नाहीं, न घसरण्यांत आहे. पकड मिळावी म्हणून कोणी साखळी मागच्या आंसाहून उंच बांधतो. वजन मागें येतें, चाकें जमीन धरतात. पण ओझें हलत नाहीं, आणि पुढचीं चाकें उचललीं जातात. तेथून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटावयास दोन सेकंदहि पुरतात. क्लच दाबण्याचें सुचेपर्यंत सर्व आटोपलेलें असतें. म्हणून ओढ नेहमीं खालच्या दांड्यालाच बांधावी. उतरतांना गियर आधींच खालचा घ्यावा आणि मध्यें क्लच दाबूं नये. मोकळा ट्रॅक्टर अवघड चढावर न्यावयाचा झाल्यास तोंड उताराकडे ठेवून मागें मागें चढवावा. पाहणारे हसतील, तर हसूं द्यावे.